उजव्या छातीवरचा तारा

१

दिल्लीची थंडी ऐन भरात आली की द्वारकेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दरवर्षी एक छोटा सोहळा व्हायचा. यशवंत आजोबा कपाटातून निळा ब्लेझर काढून बाल्कनीतल्या उन्हात टांगायचे. मग ब्रासोची डबी, जुना बनियन आणि मधोमध चीर दिलेलं पोस्टकार्ड घेऊन खुर्चीत बसायचे आणि एकाहत्तरच्या लढाईत मिळालेला पश्चिमी स्टार घासायला घ्यायचे. पोस्टकार्ड अशासाठी, की ब्रासो फितीला लागू नये. पाच टोकांचा तो ब्राँझचा तारा तासाभरात चकचकीत व्हायचा, आणि आजोबांच्या बोटांना दोन दिवस ब्रासोचा वास राहायचा.

श्रावस्तीला हा वास लहानपणापासून ओळखीचा. तिचे आईवडील निवृत्तीनंतर नागपूरला गेले, रमाबाई आजी पाच वर्षांपूर्वी गेली, आणि आता घरात नात आणि आजोबा असे दोघेच. ती ऑडिट खात्यात नोकरीला होती. घरात चेष्टा चालायची की हिला दोन आणि दोन चार झाले तरी पुरावा लागतो.

यंदा मराठी मंडळाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता, पहाडगंजच्या मराठी शाळेत. एक ब्रिगेडियर पाहुणे म्हणून येणार होते. बॅनरसाठी श्रावस्तीने आजोबांचा गेल्या वर्षीचा फोटो पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना विश्वनाथकाकांचा फोन आला. हे मंडळाचे कार्यवाह, स्वतः निवृत्त सुभेदार, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा.

"श्रावस्ती, फोटो उलटा आलाय बेटा. मिरर झालाय. दुसरा पाठव."

"उलटा? कसा काय?"

"मेडल उजवीकडे दिसतंय ना. आपलं मेडल डाव्या छातीवर असतं. चलो, संध्याकाळपर्यंत पाठव, प्रिंटरवाला डोकं खातोय."

तिने फोटो उघडून पाहिला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! आजोबांच्या मागे भिंतीवर 'जय भीम' लिहिलेलं होतं आणि अक्षरं सुलट होती. घड्याळ डाव्या मनगटावर होतं. फोटो उलटा झाला नव्हता. तारा खरोखरच उजवीकडे होता.

२

आधी तिला हसू आलं. म्हातारा माणूस, आरशात बघून लावला असेल. संध्याकाळी घरी आल्यावर तिने जुने अल्बम काढले, मोबाइलमधले फोटोही चाळले. चौदा एप्रिलचे कार्यक्रम, वडिलांचं लग्न, तिचं बारसं, नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेले फोटो. आजोबांचे केस काळ्याचे पांढरे होत गेले होते, ब्लेझर बदलले होते, पण तारा सगळीकडे उजव्या बाजूला. एवढी वर्षं तिने हे पाहिलं होतं आणि कधी पाहिलंच नव्हतं.

मग दुसरी गोष्ट दिसली. एकदा दिसल्यावर ती नजरेतून हटेना. प्रत्येक फोटोत आजोबांच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती. लग्नाच्या फोटोत माणसं दाटीवाटीने उभी, मामा अर्धा फोटोबाहेर गेलेला, आणि आजोबांच्या डावीकडे मात्र एक माणूस आरामात उभा राहील एवढी मोकळी जागा. त्या जागेच्या पलीकडची आत्या जरा बाजूला कललेली, गर्दीत कुणी मध्ये आल्यावर आपण कलतो तशी.

श्रावस्ती अल्बम मिटून बाहेर आली. आजोबा सोफ्यावर बातम्या बघत होते. सोफा तिघांचा, ते मधल्या जागेवर. डावीकडे कुणी नाही. ती नेहमी उजवीकडे बसायची, आजीही तिथेच बसायची. ही सवय कुणी लावली हे तिला आठवेना. ती सहज जाऊन डावीकडे बसली.

आजोबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग रिमोट उचलला, उठले, तिला खुणेनेच मधल्या जागेवर सरकायला लावलं आणि ती बसली होती त्या डाव्या टोकाला जाऊन बसले. आता त्यांच्या डावीकडे सोफ्याचा नुसता हात होता, आणि त्या हातापलीकडे भिंतीपर्यंत मोकळी फरशी.

डाव्या कानाने कमी ऐकू येत असेल, तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पार्कात फिरताना ती मुद्दाम मागे राहिली आणि डाव्या बाजूने अगदी हळू म्हणाली, "आजोबा, जलेबी घ्यायची का?"

"साखर वाढलीय माझी," आजोबा मान न वळवता म्हणाले. "आणि डावीकडून बोलू नकोस."

"का?"

"सवय नाही."

कान शाबूत होता. श्रावस्तीला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. हिशेबात न बसणारा आकडा सापडला की तिला जे वाटायचं, तेच वाटलं. झोप लागू न देणारं कुतूहल.

३

विश्वनाथकाकांना तिने खरं काय ते सांगितलं. फोनवरचा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बेटा, उजव्या छातीवर मेडल लावतात ते घरचे लोक. शहिदाची बायको, मुलगा, नातू. ज्याने मिळवलं तो राहिला नाही, म्हणून त्याच्या वतीने. ज्याचं स्वतःचं, तो डावीकडे लावतो. फौजेतला कुणीही माणूस यात चुकत नाही."

"मग आजोबा का चुकतात?"

"तेच तर. बुरा मत मानना, पण मंडळात एकदोन जण बोलायला लागलेत. आता ब्रिगेडियरसाहेब येणार, ते तर बघताक्षणी विचारतील. म्हातारपणी त्यांची शोभा व्हायला नको."

ते काय बोलायचं टाळत होते हे तिला कळलं. तारा आजोबांचा नाहीच, दुसऱ्या कुणाचा तरी. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तिने राजपथावरची परेड पाहिली होती, त्याला स्टेजवर कुणी खोटा म्हणालं तर ते तिला सहन होणारं नव्हतं. आणि खरोखरच खोटा असेल तर? तेही जाणून घेतल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं.

आजोबांच्या पलटणीतले हयात असलेले एकच दोस्त तिला ठाऊक होते. सोलापूरकडचे हणमंतकाका. तिने त्यांना फोन लावला.

"यशवंताची नात? आगं, तुझं बारसं जेवलोय मी. बोल."

"काका, त्या लढाईत आजोबा तुमच्याबरोबर होते ना?"

"होते म्हंजे? सुरुंगाच्या पट्ट्यातनं एकामागं एक निघालो आम्ही. इंजिनियरांनी पांढरी पट्टी टाकलेली, तिच्या बाहेर पाय पडला की गेलाच माणूस. यशवंता माझ्या म्होरं. खांद्यावर गोळ्यांची पेटी, मान खाली, बैलावानी चालला होता. त्याची पाठ बघत बघत सगळी वाट काढली म्या."

श्रावस्तीने सुटकेचा श्वास सोडला. "आणि तारा त्यासाठीच मिळाला?"

"तर. मिळाला तसा आम्हा सगळ्यांना, पण कमावला त्यानं. पुढं जाऊन त्यानं जे केलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. लई मोठं काळीज. मधी मला तहान लागली, घसा पार सुकला, तर मागनं त्यानंच पाण्याची बाटली पुढं केली."

"मागून? ते तर तुमच्या पुढे होते ना?"

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. दोन झाल्या, तिसरी झाली.

"पुढंच होता," हणमंतकाका म्हणाले. "पाठ दिसत होती की मला." मग जरा थांबून, "पण बाटली देणारा हात त्याचाच होता. मनगटावरचं गोंदण बघितलं म्या. रमाचं नाव." ते हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. "म्हातारपण, पोरी. दुसरं काय?"

४

शनिवारी ती ब्लेझर घेऊन कँटोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारात गेली. तिथे गणवेश शिवणारी दुकानं ओळीने आहेत. शिंप्याने ब्लेझर उलटापालटा करून पाहिला. मेडलची पिन अडकवायला छातीवर दोऱ्याचे दोन बारीक फासे शिवलेले असतात, ते उजवीकडे होते.

"शहीद परिवार से हैं, मॅडम?" त्याने आदराने विचारलं.

"नहीं. जिनका मेडल है वो ज़िंदा हैं. इसे लेफ्ट में कर दीजिए."

त्याने फासे उसवले आणि डावीकडे नवे शिवले. काम पाच मिनिटांचं होतं. जुन्या जागी कापडाचा रंग जरा गडद राहिला, एवढंच.

घरी आली तर आजोबा बाल्कनीत मटार सोलत बसले होते. आपण न विचारता हे करून आलो याचं तिला आता ओझं वाटत होतं, म्हणून तीही शेंगा घेऊन उजवीकडे बसली.

"आजोबा, हणमंतकाकांना फोन केला होता."

"ठाऊक आहे. त्याचा मला आला." आजोबांनी एक शेंग फोडली. "विचार, काय विचारायचंय ते. पोटात ठेवलंस तर तुला अन्न पचायचं नाही."

"तारा तुमचा आहे की नाही?"

"नाही."

खाली भाजीवाला ओरडत गेला. विमान पालमकडे उतरत होतं, खिडकीची काच थरथरली.

"त्या पट्टीवरून चालताना माझ्या बुटाची नाडी सुटली," आजोबा म्हणाले. आवाज साधा, रेशनच्या दुकानात काय झालं ते सांगावं तसा. "मी खाली बसलो, बांधली आणि वर बघितलं. रांग पुढे गेली असणार, माझी जागा मोकळी दिसणार, धावत जाऊन ती गाठायची, असा माझा हिशेब होता. पण जागा मोकळी नव्हती."

"कोण होतं?"

"मीच होतो. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, पण पेटी माझी होती आणि चाल माझी होती. त्याच्या मागे हणमंता आणि हणमंताच्या मागे मी. सगळी रात्र. पुढे जे काही झालं ते त्याने केलं, मी बघत होतो. हणमंताला पाणी दिलं, एवढंच माझं."

श्रावस्तीच्या डोक्यात भराभर उत्तरं तयार झाली. झोप नाही, धक्का, भीती, मेंदू असले खेळ करतो. तिने त्यातली दोन बोलूनही दाखवली. आजोबांनी मान डोलावली. लहान मूल पाढे म्हणत असताना डोलवावी तशी.

"असेल. डॉक्टरही तेच म्हणाला होता."

"मग तो कुठे गेला?"

"युद्ध थांबलं, आम्ही परत फिरलो. फिरलेल्या रांगेत मी त्याच्या पुढे आलो. मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही." त्यांनी टरफलं गोळा केली. "येतो तो. डाव्या बाजूने चालतो. चालायला जागा लागते त्याला, म्हणून ठेवतो. पण लढाईवरून घरी परतला म्हणशील तर तो कधी परतलाच नाही. ज्याने मिळवला तो घरी आला नाही, मग घरच्यांनी तारा उजवीकडे लावायचा. नियमच आहे."

"आणि डावीकडे लावला तर?"

"तर त्याला वाटेल, बोलावलं." आजोबा हसले. "यशवंत नावाच्या माणसाला या जगात जागा एकापुरतीच आहे, बाळा. आला तर मला उठावं लागेल."

श्रावस्तीने आत जाऊन ब्लेझर आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आजोबांची बोटं उजव्या बाजूवर फिरली, गडद डागापाशी थांबली, मग डावीकडच्या नव्या फाशांवर गेली.

"मी उद्या परत बदलून आणते," ती घाईने म्हणाली. "खरंच. सकाळी दुकान उघडलं की लगेच."

"उद्या रविवार. दहाला कार्यक्रम." त्यांनी ब्लेझरची घडी केली. "राहू दे. लोक तुला काहीबाही बोलतात ते मला आवडत नाही. आणि त्यालाही आता बसू दे कुठेतरी. पन्नासहून जास्त वर्षं झाली उभं राहून."

५

रविवारी धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं. मेट्रोत आजोबा गप्प होते. रामकृष्ण आश्रम स्टेशनपासून शाळेपर्यंत ते चालत गेले, आणि गल्लीतल्या हॉटेलांच्या पाट्यांखालून जाताना श्रावस्तीच्या लक्षात आलं की ते आज तिला उजवीकडे ठेवण्याची धडपड करत नाहीयेत. तिला बरं वाटलं. एकदा माणसाने मनातलं बोलून टाकलं की ते हलकं होतं, असं तिने स्वतःला समजावलं.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. विश्वनाथकाकांनी आजोबांच्या डाव्या छातीवरचा तारा पाहिला आणि त्यांचा हात हातात घेतला. आजोबांचं नाव पुकारलं गेलं. ते स्टेजवर चढले ते ताठ, पायऱ्यांवर कुणाचा हात न घेता. ब्रिगेडियरसाहेबांनी तारा पाहून कुठली कंपनी, कुठलं ठाणं असं विचारलं, आणि लढाईबद्दल आयुष्यात चार वाक्यं न बोललेले आजोबा धडाधड बोलू लागले. गावांची नावं, कालव्याची रुंदी, कोण कुठे पडला, शेवटी कुणी काय म्हटलं. ब्रिगेडियर उठून उभे राहिले. सगळा मांडव उभा राहिला. श्रावस्ती रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. नुसता बघत राहिलेला माणूस एवढं कसं सांगेल, तिला वाटलं, हे करणाऱ्याचंच बोलणं आहे.

टाळ्या थांबल्यावर मग तो विचार तिच्या मनात उलटा फिरला. हे करणाऱ्याचं बोलणं असेल, तर बघणारा कुठे आहे?

फोटोसाठी सगळे सैनिक रांगेत उभे राहत होते. आजोबा मधोमध होते. दोन्ही बाजूंनी माणसं खेटून उभी होती.

"श्रावस्ती ना तुम्ही?" शाळेतल्या एक शिक्षिका, उत्तरा मॅडम, तिच्यापाशी आल्या. "आजोबांना थंडी वाजतेय तुमच्या. चौथीच्या वर्गात बसवलंय मी त्यांना. चहा पाठवते, तुम्ही जाऊन बसा जरा त्यांच्यापाशी."

"आजोबा स्टेजवर आहेत," श्रावस्ती म्हणाली.

उत्तरा मॅडमनी स्टेजकडे पाहिलं नाही, त्यांना चहाची घाई होती. "अच्छा? मग दुसरे कुणी असतील. पण तुमचंच नाव सांगितलं हो त्यांनी."

६

वर्गात खडूचा वास होता. भिंतीवर मुलांनी काढलेली फुलपाखरं चिकटवली होती. छोट्या बाकावर गुडघे वर आलेले, अंगात नुसता राखाडी स्वेटर, असे आजोबा बसले होते. ब्लेझर नव्हता. तिला पाहून त्यांनी बाकावर सरकून जागा केली, डाव्या बाजूला.

ती बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला. गार होता, पण त्यांचाच होता. मनगटावर रमाचं नाव होतं आणि बोटांना ब्रासोचा वास येत होता. उघड्या खिडकीतून पटांगण दिसत होतं. स्टेजवर फोटोवाला रांगेला जरा आत सरका म्हणत होता, आणि रांगेच्या मधोमध निळा ब्लेझर होता.

"ब्लेझर त्याला दिला," आजोबा म्हणाले. "मांडवात शिरताना. त्याला थंडी वाजत होती."

"आजोबा, चला. आपण मागच्या दाराने घरी जाऊ." तिने त्यांचा हात ओढला. "मला तुम्हीच हवे आहात. तारा नको, सत्कार नको, काही नको."

"माहीत आहे मला ते." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "तुझी आजी मला मिळाली. तुझा बाप मला मिळाला, तू मिळालीस. त्याने सुरुंगातून वाट काढली आणि संसार मी केला. तू ऑडिटवाली आहेस, सांग, बरोबर आहे का हे?"

तिने जोरजोरात मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही.

बाहेर रांग मोडली होती. खुर्च्या सरकण्याचे आवाज आले. पटांगणातून विश्वनाथकाकांचा परेडच्या मैदानावरचा आवाज आला. "श्रावस्ती! आजोबा गेटपाशी उभे आहेत बेटा. घरी कसं जायचं ते आठवत नाही म्हणतात. जा लवकर, थकलेत बिचारे."

आजोबांनी आपला हात हळूच सोडवून घेतला. तिने तो पुन्हा धरला, त्यांनी पुन्हा सोडवला. रागाने नाही. पहिल्या दिवशी शाळेच्या दारात तिचा हात सोडवला होता तसा.

"जा," ते म्हणाले. "तू नेलं नाहीस तर त्याला कोण नेणार? त्याला घर कुठे ठाऊक आहे?"

"आणि तुम्ही?"

"मी येतो मागून."

पटांगणातून गेटपर्यंत ती कशी चालली ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. धुकं विरलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि गेटपाशी निळ्या ब्लेझरमधला म्हातारा माणूस खांद्यावर सत्काराची शाल घेऊन रस्त्याकडे बघत उभा होता. रिक्षा, पाट्या, तारांची जाळी, तो सगळं निरखून पाहत होता. ती जवळ गेल्यावर तो वळला. चेहरा तोच, कपाळावरची आठी तीच. डाव्या छातीवर तारा उन्हात लखलखत होता.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, ओळखीचं काही सापडतंय का म्हणून. मग अनोळखी लेकराला गावाकडे विचारतात तसं, मायेने विचारलं,

"तू कुणाची गं?"